शास्त्र गप्प असेल तेव्हा: झुरिकचा बाप्तिस्म्याचा वाद (१५२३–१५२७)

झुरिकच्या नगरपरिषदेनं १८ जानेवारी १५२५ रोजी एक फर्मान काढलं. ज्या आईबापांनी आपल्या लेकराचा बाप्तिस्मा अजून केलेला नाही, त्यांनी तो आठ दिवसांच्या आत करून घ्यावा. ज्याला हे मान्य नसेल त्यानं बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन हद्दीबाहेर चालू पडावं.

वरवर पाहता हे कुठल्याही कॅथलिक शहराला शोभेलसं फर्मान आहे. पण झुरिक तेव्हा रोमचा हात सोडून निघालं होतं. दोनच वर्षांपूर्वी याच परिषदेनं ठरवलं होतं की इथल्या धर्मगुरूंनी जे पवित्र शास्त्रातून दाखवता येईल तेवढंच शिकवावं. आणि हे फर्मान ज्यांच्यासाठी होतं तेही पोपची माणसं नव्हती. धर्मसुधारक हुल्ड्रिख झ्विंग्लीच्या अवतीभवती बसून ग्रीक आणि हिब्रू वाचणारी, त्याच्यासाठी चार लोकांशी भांडलेली ही तरुण मंडळी होती. गुरूनं शिकवलेला नियम त्यांनी गुरूलाच लावला होता.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला फरक सांगताना आपण एक सोपं वाक्य वापरतो: प्रोटेस्टंट फक्त बायबल मानतात, कॅथलिक बायबल आणि परंपरा दोन्ही मानतात. वाक्य चूक नाही, पण त्यानं फारसं काही कळत नाही. शास्त्रात एखादी गोष्ट स्वच्छ लिहिलेली असेल तर तिथे भांडायला फारशी जागाच नसते. खरी पंचाईत होते ती शास्त्र जिथे काहीच बोलत नाही तिथे. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा ही नेमकी तशी जागा आहे. नव्या करारात ‘बाळांना बाप्तिस्मा द्या’ अशी आज्ञा कुठेही नाही, आणि ‘देऊ नका’ अशी मनाईही नाही. म्हणून हे एक शहर आणि ही चार-पाच वर्षं बारकाईनं बघण्यासारखी आहेत.

निवाडा कुणी करायचा?

सुरुवात झाली सॉसेजपासून. १५२२ च्या उपवासकाळात क्रिस्टोफ फ्रोशाउअर या छापखानेवाल्याच्या घरी काही जणांनी सॉसेज खाल्ले. झ्विंग्ली तिथे हजर होता, त्यानं स्वतः तोंडात घातलं नाही. पण नंतर व्यासपीठावरून त्यानं खाणाऱ्यांची बाजू घेतली. उपवासाचे नियम माणसांनी केलेले, शास्त्रात नाहीत, मग ते मोडल्याचं पाप कसलं?

प्रकरण कॉन्स्टन्झच्या बिशपपर्यंत गेलं आणि २९ जानेवारी १५२३ रोजी झुरिकच्या नगरभवनात जाहीर वादसभा भरली. सुमारे ६०० माणसं जमली होती. झ्विंग्लीनं ६७ मुद्दे मांडले होते आणि समोर हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन बायबल उघडी ठेवली होती. बिशपच्या वतीनं योहान फाबर आला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की असले प्रश्न एका गावच्या सभेत सुटत नसतात. त्यासाठी सार्वत्रिक धर्मपरिषद हवी, निदान पॅरिस, कलोन, लूव्हाँसारख्या विद्यापीठांचे पंडित हवेत. झ्विंग्लीच्या बाजूनं उत्तर ठरलेलं होतं: न्यायाधीश इथे टेबलावरच आहे, पानं उलटा आणि बघा.

प्रोटेस्टंट इतिहासात फाबरला पळपुटा ठरवण्याची रीत आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. पानं उलटून दोन माणसांना दोन वेगळे अर्थ सापडले तर निवाडा कोण करणार, हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्या दिवशी त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, कारण त्या दिवशी ती वेळ आलीच नव्हती. नगरपरिषदेनं झ्विंग्लीला उपदेश चालू ठेवायला सांगितलं. म्हणजे निवाडा तर झाला, आणि तो शास्त्रानं नव्हे, परिषदेनं केला; हे फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं नऊ महिन्यांनी. ऑक्टोबर १५२३ मध्ये मूर्ती आणि मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) या विषयांवर दुसरी वादसभा झाली. मिस्साबलिदान शास्त्राला धरून नाही यावर झ्विंग्ली आणि त्याचे चेले एकमताचे होते. पण ते बंद कधी आणि कसं करायचं हे परिषदेतले मान्यवर ठरवतील, असं झ्विंग्ली म्हणाला. तेव्हा होंगचा धर्मगुरू सिमोन श्टुम्फ उठला आणि त्यानं बजावलं की हा निर्णय मान्यवरांच्या हाती सोपवायचा अधिकार तुम्हाला नाही. निर्णय देवाच्या आत्म्यानं आधीच दिलेला आहे. झ्विंग्लीनं खुलासा केला की सत्य काय ते शास्त्र ठरवतं, परिषद फक्त अंमलबजावणी बघते. खुलासा काहींना पटला. कोनराड ग्रेबेल आणि फेलिक्स मान्झ या दोन चेल्यांना पटला नाही.

तीन बाप्तिस्मे

बाप्तिस्मा म्हणजे काय, याबद्दल या घडीला शहरात तीन समज एकमेकांशेजारी नांदत होते.

पहिला जुना, कॅथलिक. माणूस आदिपापासकट, म्हणजे आदामाकडून आलेल्या पापासकट, जन्माला येतो आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ते पाप धुतलं जातं. संस्कार विधिपूर्वक झाला की कृपा मिळते. देणाऱ्याच्या पुण्याईवर किंवा घेणाऱ्याच्या समजेवर ती अवलंबून नसते. म्हणून बाळाला उशीर करायचा नाही, आणि बाळ जगेलसं दिसत नसेल तर सुईणीनंसुद्धा पाणी ओतून बाप्तिस्मा द्यायचा. हे शास्त्रात कुठे आहे, असं विचारलं तर उत्तर संत ऑगस्टिनच्या काळापासून तयार होतं: जी गोष्ट सगळी ख्रिस्तसभा सर्वत्र पाळत आली आणि जी कुठल्या परिषदेनं नव्यानं सुरू केलेली नाही, ती प्रेषितांपासूनच, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांपासूनच, आलेली आहे. ख्रिस्तसभेच्या अधिकारानं प्रवृत्त केलं नसतं तर मी शुभवर्तमानावरही विश्वास ठेवला नसता, असंही ऑगस्टिननं म्हणून ठेवलं होतं, आणि कॅथलिक वादपटूंचं हे आवडतं वचन होतं.

दुसरा ग्रेबेल-मान्झ यांचा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटी ‘जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो’ असा क्रम आहे. मत्तयच्या शेवटी आधी शिष्य करा, मग बाप्तिस्मा द्या असं आहे. बाळ विश्वास धरू शकत नाही, सबब बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. ग्रेबेलला जानेवारी १५२५ मध्ये मुलगी झाली तेव्हा त्यानं सेंट गॅलनमधल्या आपल्या मेहुण्याला, वादियानला, कळवलं की तिला अजून रोमी पाण्याची आंघोळ घडलेली नाही. पत्रातला टोमणा बोचरा आहे. समोर झ्विंग्ली असताना तो ‘रोमी’ म्हणतोय, म्हणजे बाळाचा बाप्तिस्मा चालू ठेवणारा झ्विंग्ली त्याच्या लेखी अर्ध्या वाटेवरच थांबला होता.

तिसरा झ्विंग्लीचा, आणि तो तिघांत सगळ्यात नवा होता. पाण्यानं पाप धुतलं जातं हे त्याला अजिबात मान्य नव्हतं. या बाबतीत प्रेषितांच्या काळापासूनचे सगळे आचार्य चुकले असं तो सरळ लिहितो. बाप्तिस्मा ही त्याच्या मते खूण आहे. मे १५२५ च्या पुस्तकात त्यानं दाखला दिला तो स्विस माणसाला लगेच कळेल असा: अंगरख्यावर पांढरा क्रूस शिवणारा माणूस जाहीर करतो की मी संघराज्याचा आहे. बाप्तिस्माही तसाच, आपण कुणाचे हे सांगणारा. मग बाळाला का द्यायचा? कारण अब्राहामाच्या वंशात आठव्या दिवशी सुंता व्हायची, ती बाळाच्या विश्वासावर ठरत नव्हती. देवाचा करार एकच आहे, फक्त खूण बदलली. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सुंता आणि बाप्तिस्मा एकत्र घेतो ते यासाठीच.

गंमत अशी की याच पुस्तकात झ्विंग्ली कबूल करतो, काही वर्षांपूर्वी मलाही वाटत होतं की मुलं जाणती झाल्यावरच बाप्तिस्मा द्यावा. वाल्ड्सहूटचा बाल्थासर हुबमायर या कबुलीवर तुटून पडला. तो स्वतः धर्मशास्त्राचा डॉक्टर, एकेकाळी रेगेन्सबर्गच्या कॅथेड्रलमधला प्रवचनकार. त्याचा युक्तिवाद असा, की ‘माझ्या पित्यानं न लावलेलं प्रत्येक रोप उपटलं जाईल’ हे मत्तयमधलं वचन तुम्ही मिस्सा, मूर्ती, उपवास यांना लावलंत. आता बाळाच्या बाप्तिस्म्याला का लावत नाही? त्यावर झ्विंग्लीकडचं उत्तर असं होतं: स्पष्ट आज्ञा नाही म्हणून गोष्ट निषिद्ध ठरवायची झाली, तर स्त्रियांना प्रभुभोजन देणंही बंद करावं लागेल, कारण त्या पंगतीत स्त्रिया होत्या असं कुठे लिहिलंय?

उत्तर हजरजबाबी आहे. पण ते देताना झ्विंग्लीनं नियम बदलला. रोमशी भांडताना तो म्हणत होता, शास्त्रात नाही ते नको. चेल्यांशी भांडताना म्हणू लागला, शास्त्रानं मना केलं नाही ते चालेल. अक्षराला जास्त इमानी ग्रेबेल आणि हुबमायर होते, असं माझं मत आहे. याचा अर्थ झ्विंग्लीचा करारवाला मुद्दा म्हणजे पळवाट होता असा नाही. जुना आणि नवा करार एक सलग ग्रंथ म्हणून वाचायचा की नव्यानं जुन्याचं बरंचसं रद्द केलं असं समजायचं, हा खरोखरच मोठा प्रश्न आहे आणि पुढच्या सगळ्या रिफॉर्म्ड परंपरेनं झ्विंग्लीचंच उत्तर उचललं. फक्त ते उत्तर ‘पानं उलटा आणि बघा’ इतकं सोपं नव्हतं.

इफिसचे बारा जण

या सगळ्या वादात एक उतारा असा आहे की तो तिन्ही बाजूंनी वाचला की प्रकरणाची नस सापडते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९. पौल इफिसला येतो, तिथे त्याला सुमारे बारा शिष्य भेटतात. कसला बाप्तिस्मा घेतलात, असं तो विचारतो. योहानाचा (येशूच्या आधी बाप्तिस्मा देत फिरणाऱ्या योहानाचा), ते सांगतात. पौल त्यांना समजावतो, आणि मग ‘त्यांनी प्रभू येशूच्या नावानं बाप्तिस्मा घेतला’.

ग्रेबेलच्या गटाला हा उतारा म्हणजे हातात आलेला पुरावा वाटला. आधीचा बाप्तिस्मा अपुरा असेल तर पुन्हा घेता येतो, आणि खुद्द पौलानं तसं होऊ दिलं.

झ्विंग्लीपुढे अडचण उभी राहिली. त्याच्या मते योहानाचा बाप्तिस्मा आणि ख्रिस्ताचा बाप्तिस्मा एकच, कारण दोन्ही खुणाच. पण मग इफिसच्या लोकांनी पुन्हा का घेतला? त्यानं तोडगा काढला की ‘योहानाचा बाप्तिस्मा’ याचा अर्थ इथे योहानाची शिकवण. त्यांच्यावर पाणी पडलेलंच नव्हतं. हे वाचताना त्याची ओढाताण लपत नाही.

कॅथलिकांचं वाचन इथे सगळ्यात सरळ आहे. योहानाचा बाप्तिस्मा वेगळा, ख्रिस्ताचा वेगळा. पहिल्यानं पाप धुतलं जात नव्हतं. इफिसच्या लोकांना ख्रिस्ती बाप्तिस्मा पहिल्यांदाच मिळाला, पुन्हा नव्हे. मे-जून १५२६ मध्ये बाडेनला जी स्विस वादसभा झाली तिथे कॅथलिक पंडित योहान एक यानं मांडलेल्या सात सिद्धांतांपैकी शेवटचे दोन आदिपाप आणि हाच मुद्दा यांवर होते. झ्विंग्ली बाडेनला गेला नाही. त्याच्या बाजूनं बाझेलचा ओएकोलाम्पाडियस बोलला, आणि बहुसंख्य स्विस प्रांतांनी कौल योहान एक याला दिला. पुढे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं मार्च १५४७ मध्ये बाप्तिस्म्यावरचे नियम केले, त्यांतला अगदी पहिला नियम योहानाचा बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याइतकाच प्रभावी मानणाऱ्यांविरुद्ध आहे.

एकच ग्रंथ, तीच पाच-सहा वचनं. हिब्रू-ग्रीक तिघांपैकी कुणाचं कच्चं होतं असंही नाही.

झोलिकोनचं ओगराळं

फर्मानानंतर तीन दिवसांनी, २१ जानेवारीला, परिषदेनं ग्रेबेल आणि मान्झ यांच्या बैठका बंद केल्या आणि त्यांच्यातल्या परगावच्या लोकांना हद्दपार केलं. त्याच संध्याकाळी मान्झच्या आईच्या घरी मंडळी जमली. खूरकडून आलेला माजी धर्मगुरू जॉर्ज ब्लाउरॉक उठला आणि ग्रेबेलला म्हणाला, मला बाप्तिस्मा दे. ग्रेबेलनं दिला. मग ब्लाउरॉकनं बाकीच्यांना दिला. ग्रेबेल धर्मगुरू नव्हता; दीक्षा न झालेल्या माणसाच्या हातून, चर्चच्या बाहेर, आधीच बाप्तिस्मा झालेल्या माणसांना हा बाप्तिस्मा मिळाला.

पुढचे काही दिवस हे लोण तळ्याकाठच्या झोलिकोन गावात पसरलं. तिथल्या शेतकऱ्यांना नंतर पकडून जबान्या घेतल्या गेल्या म्हणून आपल्याला आतलं दृश्य कळतं. एका घरात जेवणानंतर हान्स ब्रुगबाख नावाचा माणूस रडत उठला, मी मोठा पापी आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणाला. ब्लाउरॉकनं विचारलं, तुला देवाची कृपा हवी का? हो, म्हणाला. मान्झनं विचारलं, याला बाप्तिस्मा द्यायला मला कोण मना करेल? कुणी नाही, ब्लाउरॉक म्हणाला. मग मान्झनं स्वयंपाकघरातलं पाणी काढायचं ओगराळं घेतलं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं त्याच्यावर पाणी ओतलं. मान्झचा प्रश्न त्याचा स्वतःचा नाही. कर्नेल्याच्या घरी पेत्रानं विचारलेला प्रश्न तो जवळजवळ जसाच्या तसा म्हणतोय. स्वयंपाकघरात बसून ही माणसं प्रेषितांची कृत्ये जगत होती.

याच जबान्यांच्या आसपास धार्‍याच्या, म्हणजे चर्चच्या दशांश कराच्या, कुरबुरीही आहेत. झोलिकोन-विटिकोन ही शहराच्या चर्चला धान्य देणारी गावं; आपला धर्मगुरू आपण निवडावा आणि धान्य गावातच राहावं, असं त्यांचं आधीपासून चाललं होतं. परिषदेला बाप्तिस्म्याची एवढी धास्ती का, हे इथे उमगतं. जन्मलेलं प्रत्येक मूल पाण्याखालून गेलं की ते चर्चचंही होतं आणि शहराचंही. १५२६ मध्ये झुरिकनं बाप्तिस्म्याची नोंदवही सक्तीची केली, तीही कोण बाळाला आणत नाही हे कळावं म्हणूनच.

७ मार्च १५२६ च्या हुकमानुसार पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारायचं ठरलं. ग्रेबेल त्या उन्हाळ्यात प्लेगनं गेला. मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्माट नदीत नेलं, मनगटं गुडघ्यांवरून बांधून मध्ये काठी सारली आणि होडीतून ढकललं. काठावर त्याची आई आणि भाऊ उभे होते, आणि डगमगू नकोस म्हणून त्याला सांगत होते. ब्लाउरॉक झुरिकचा नागरिक नव्हता, म्हणून फटके मारून हाकलला गेला; त्याला १५२९ मध्ये टिरोलमध्ये कॅथलिक सत्तेनं जाळलं. हुबमायर त्याआधीच, मार्च १५२८ मध्ये, व्हिएन्नात जाळला गेला होता.

जिथे दोघांचं जमलं

एप्रिल १५२९ मध्ये श्पायरला पवित्र रोमन साम्राज्याची सभा भरली. सुधारणावादी राजांनी आणि १४ शहरांनी कॅथलिक बहुमताविरुद्ध निषेध नोंदवला, तो याच सभेत. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव तिथून पडलं. आणि याच सभेत, त्याच आठवड्यात, पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याला देहदंड द्यावा हे दोन्ही बाजूंनी मिळून मान्य केलं. आधार शास्त्राचा नव्हता. जस्टिनियनच्या संहितेत पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या दोनातीय पंथाविरुद्धचे रोमन सम्राटांचे जुने कायदे होते, ते बाहेर काढले. हेसचा फिलिप हा एक प्रोटेस्टंट राजा मात्र त्या हुकमावर कुणाला मारायला तयार झाला नाही.

ट्रेंटनं एप्रिल १५४६ मध्ये शास्त्र आणि प्रेषितांपासूनची परंपरा दोन्ही सारख्याच आदरानं स्वीकारायचं ठरवलं, त्यामागे झुरिकसारखी उदाहरणं होतीच. शास्त्र एकटं सोडलं की काय होतं ते बघा, असं म्हणायला कॅथलिकांना आयती जागा मिळाली होती. बाळाच्या बाप्तिस्म्यापुरतं त्यांचं पारडं जड आहे हे मान्य करायला मला अडचण नाही. पण परंपरेचं हे माप सगळीकडे इतकं चोख बसत नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याचे पुरावे तिसऱ्या शतकापर्यंत सहज मागे नेता येतात. पापाची शिक्षा माफ करणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीचे नेता येत नाहीत, आणि भांडण पेटलं होतं ते क्षमापत्रांवरून.

झुरिकच्या उत्तराहून वेगळं उत्तर निघू शकतं याचा एक नमुना आपल्याकडचा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली. त्यात अँग्लिकन होते, झ्विंग्लीच्या वंशावळीतले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल होते, आणि बाळाला बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. कोण बरोबर हे त्यांनी ठरवलं नाही. बाळाचा बाप्तिस्मा किंवा जाणत्या वयातला, दोन्ही रीती ग्राह्य धरल्या. अडून राहिला तो एकच प्रश्न, बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यानं मोठेपणी पुन्हा मागितला तर काय करायचं.

कॅथलिक चर्चनं तो प्रश्न आपल्यापुरता केव्हाच मिटवलेला आहे. वसईच्या कॅथलिक मुलीचं लग्न नगरकडच्या सीएनआय मुलाशी ठरलं की फादर त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे नाव, एवढं असलं की दाखला चालतो. देणारा पाळक प्रोटेस्टंट होता याला हरकत नाही, आणि मुलगा उद्या कॅथलिक झाला तरी पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. मुलगा नुसत्या ‘येशूच्या नावानं’ बाप्तिस्मा देणाऱ्या एखाद्या फेलोशिपचा असेल, तर मात्र तो दाखला चालत नाही आणि लग्नासाठी बिशपांकडून वेगळी सूट आणावी लागते. उलट दिशेनं, एखादा कॅथलिक तरुण बॅप्टिस्ट मंडळीत गेला की ते त्याला पाण्यात उतरवतात. ते म्हणतात, हा याचा पहिला बाप्तिस्मा. फादरांच्या वहीत तो त्याच्या जन्मानंतर महिन्याभरातच नोंदलेला असतो.